अतिस्तन्यता

अर्भकाच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक दूध मातेच्या स्तनांत तयार होत राहण्याच्या अवस्थेस अतिस्तन्यता म्हणतात. अर्भक स्तनाशी नसतानाही दूध आपोआप बाहेर गळते, त्यास स्तन्यपाझर म्हणता येईल. या दोन गोष्टी बहुधा एकत्र आढळतात, परंतु त्या एकच नव्हेत. पाझर होणाऱ्या प्रत्येक मातेस दूध अधिक असते असे नाही. उलट काही मातांचे स्तन भरून दुखत असूनही त्यांतून थेंबही गळत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा ते दहा आठवड्यांत थोडाफार पाझर बहुतेक स्त्रियांना होतो आणि तो रोग नव्हे. तथापि दूध कमी पडण्याच्या चिंतेविषयी घरोघरी जेवढे बोलले जाते, त्याच्या अल्पांशानेही दूध अधिक होण्याच्या त्रासाविषयी बोलले जात नाही. भरपूर दूध हे भाग्य समजले जाते. त्याविषयी तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटते, आणि दृष्ट लागेल या भीतीनेही ते लपविले जाते. त्यामुळे या अवस्थेतील माता वैद्याकडे येते ती बहुधा स्तनास गाठ धरल्यावर किंवा ताप भरल्यावर.

दूध तयार होणे व सुटणे : या दोन क्रिया वेगळ्या असून त्यांचा भेद लक्षात घेतल्याशिवाय उपचार समजत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या अग्रखंडातून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या हॉर्मोनामुळे स्तनातील सूक्ष्म कोष्ठिकांत दूध तयार होते. वार पडल्यानंतर रक्तातील प्रोजेस्टेरॉनाचे प्रमाण एकदम उतरते आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध भरून येते. या काळात शरीर जणू अंदाजाने दूध करते. अर्भक एक आहे की जुळे, हे त्यास ठाऊक नसते. पुढील काही आठवड्यांत मात्र नियंत्रण हॉर्मोनांकडून हळूहळू स्तनाकडे येते. स्तनात दूध साचून राहिले की कोष्ठिकांवरील दाबामुळे व दुधातीलच एका निरोधक घटकामुळे नवे दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. स्तन रिकामा झाला की तो वाढतो. एका स्तनाने पाजणे थांबविल्यास त्याच स्तनातील दूध आटते व दुसऱ्यातील चालू राहते, ते यामुळेच. पहिल्या महिन्यानंतर केवळ अंगावर पिणाऱ्या अर्भकास दिवसाकाठी सरासरी ७०० ते ८०० मिलि. दूध लागते, अतिस्तन्यतेत याच्या दीडपट-दुपटीने दूध तयार होऊ शकते.

दूध सुटण्याची क्रिया प्रतिक्षेपी स्वरूपाची आहे. अर्भकाच्या चोखण्याने उद्दीपित झालेल्या तंत्रिका मेंदूस संदेश पोहोचवितात, पोष ग्रंथीच्या पश्चखंडातून ऑक्सिटोसीन रक्तात येते आणि कोष्ठिकांभोवतालच्या सूक्ष्म स्नायुकोशिका आकुंचन पावून दूध वाहिन्यांत ढकलले जाते. मराठीत यास ‘पान्हा’ हा नेमका शब्द फार पूर्वीपासून आहे आणि तो गाईम्हशींना व मातेला सारखाच लावला जातो. गाय पान्हा चोरते असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्यास दूध तयार होणे व दूध सुटणे यांतील फरक ठाऊक असतोच. पान्हा फुटण्यास चोखणेच लागते असे नाही. बाळाचे रडणे कानी पडणे, त्याची नुसती आठवण होणे, कोमट पाण्याने अंघोळ करणे, पतिपत्नीचा समागम, इतकेच नव्हे तर दुसऱ्याच एखाद्या मुलाचे रडणे एवढ्यानेही दूध वाहू लागते. अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने व स्मरणाने स्तन्य प्रवृत्त होते आणि अपत्यस्नेह हेच त्याचे कारण होय, असे निरीक्षण सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात नोंदविलेले आहे. ऑक्सिटोसिनाचा शोध विसाव्या शतकातील असला, तरी वस्तुस्थिती प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

कारणे : सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे प्रारंभीच्या आठवड्यांतील नैसर्गिक अतिरेक. तो बहुधा सहा आठवड्यांत आपोआप ओसरतो. दुसरे कारण माणसाने निर्माण केलेले आहे. स्तन जड वाटला की पिळून पूर्ण रिकामा करावा, असा सल्ला घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया देतात आणि पूर्वी पाठ्यपुस्तकेही देत असत. प्रत्येक पाजण्यानंतर असे दूध काढले, की स्तन त्या काढलेल्या दुधासह सगळे दूध ही बाळाचीच मागणी समजतो व दुसऱ्या दिवशी तेवढे तयार करतो. दूध काढण्याच्या पंपांचा प्रसार झाल्यापासून शहरी मातांत हे कारण वाढले आहे. तिसरे कारण दूध वाढविणारी औषधे व आहार. मराठवाड्यात बाळंतिणीस अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, शेपूची भाजी, खसखस इ. पदार्थ देण्याची रीत आहे. यांतील अनेक पदार्थ पौष्टिक आहेत व त्यांचा परिणाम साधारणतः सौम्य असतो. परंतु ज्या मातेस मुळातच दूध उतू जात आहे, तिला शतावरी कल्प किंवा डोंपेरिडोनासारख्या गोळ्या देत राहण्यात अर्थ नाही. अवटू ग्रंथीचे विकार व पोष ग्रंथीतील प्रोलॅक्टिन स्रवणारे अर्बुद ही कारणे विरळा असली, तरी त्यांचा विचार करावा लागतो.

लक्षणे : मातेच्या बाजूने पाहता स्तन सदैव गच्च राहतात, पाजल्यानंतरही थोड्याच वेळात भरून येतात, पोलके व अंथरूण भिजते, वाहिन्या तुंबून गाठी धरतात. अर्भकाच्या बाजूची लक्षणे मात्र फसवी असतात. दुधाची धार जोराने आल्याने मूल घुटमळते, खोकते, ठसका लागून स्तन सोडते व रडते; हवा गिळल्याने पोट फुगते; शी हिरवट, फेसाळ व वारंवार होते. स्तन फार भरलेला असल्यास आरंभीचे दूध तुलनेने कमी स्निग्ध असते. मुलाचे पोट त्यावरच भरले तर मेद कमी आणि लॅक्टोज ही दुग्धशर्करा अधिक पोहोचते, तिचे पचन अपुरे राहून आतड्यात वायू धरतो. मातेच्या दुधात दर १०० मिलि.मध्ये सुमारे ७ ग्रॅ. दुग्धशर्करा असते. घरातील माणसे या सर्वांचा अर्थ ‘दूध पातळ आहे’, ‘दूध बाधते’ किंवा ‘दूध पुरत नाही’ असा लावतात आणि वरचे दूध सुरू करतात. म्हणजे ज्या घरात दूध सांडते आहे, त्याच घरात बाटली येते. उस्मानाबादी शेळी ही या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाणारी जात असून शेळी दाराशी असल्याने तिचे दूध तान्ह्यास पाजण्याकडे सहज कल होतो. परंतु शेळीच्या दुधात फोलिक अम्ल अत्यल्प असते व केवळ त्यावर वाढविलेल्या अर्भकास पांडुरोग होण्याचा धोका असतो.

याचा उलगडा करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तराजू. पहिल्या तीन महिन्यांत अर्भकाचे वजन दररोज सरासरी २५ ते ३० ग्रॅ. वाढते. रडणाऱ्या, हिरवी शी करणाऱ्या मुलाचे वजन यापेक्षा झपाट्याने वाढत असेल आणि ते दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, तर दूध कमी नसून जास्त आहे. वजन वाढत नसेल तर मात्र अतिस्तन्यतेचे कोणतेही उपचार करू नयेत. कारण ते सर्व दूध कमी करणारे आहेत.

पाझराची व्यवस्था : पाझर थांबविण्यापेक्षा तो सावरणे हाच बहुतेक वेळा योग्य मार्ग असतो. पान्हा सुटत असल्याची झिणझिण जाणवताच पदराआडून मनगट किंवा तळवा स्तनाग्रावर सपाट ठेवून काही क्षण छातीच्या दिशेने दाबल्यास धार थांबते. हात बांधल्यासारखे उभे राहून हे कोणाच्या लक्षात न येता करता येते. दूध पुरेसे बसेपर्यंतच्या पहिल्या आठवड्यांत मात्र ही युक्ती वारंवार करू नये. जुन्या धुवट सुती लुगड्याच्या किंवा धोतराच्या चार-सहा पदरी गोल घड्या पोलक्यात ठेवणे हा उपाय विकतच्या गाद्यांपेक्षा कोणत्याही प्रकारे उणा नाही. घडी ओली होताच बदलावी; ओलसर कापड त्वचेस चिकटून राहिल्यास स्तनाग्र (बोंडशी) भेगाळते व तेथे बुरशीचा संसर्ग होतो. घड्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. लाजेमुळे त्या आतल्या खोलीत अंधारात वाळत घातल्या जातात, हे टाळले पाहिजे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या गाद्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्रासदायकच ठरतात. एका स्तनाने पाजताना दुसऱ्यातून गळणारे दूध स्वच्छ वाटीत धरता येते. मात्र त्यासाठी निर्वात दाबाने ओढणारी साधने लावल्यास ती पाझर धरण्याऐवजी दूध वाढवितात.

अतिस्तन्यतेवरील उपचार : प्रथम दूध वाढविणारी औषधे व अनावश्यक दूध काढणे बंद करतात. पाजताना मातेने मागे रेलून बसावे व मुलास आपल्या अंगावर पालथे घ्यावे, म्हणजे धार गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जाऊन तिचा जोर मोडतो. पहिली जोरदार धार फडक्यात जाऊ देऊन मग मुलास लावणे हाही सोपा उपाय आहे. एवढ्याने भागले नाही आणि बाळंतपणास चार ते सहा आठवडे होऊन गेले असतील, तर पाळीपाळीने पाजण्याची पद्धत वापरतात. तीत सुमारे तीन तासांच्या अवधीत मूल कितीही वेळा मागो, त्यास एकच स्तन देतात. पुढच्या अवधीत दुसरा. विश्रांती दिलेला स्तन फारच ठणकू लागल्यास आराम पडेल एवढेच थोडे दूध हाताने काढतात, रिकामा करत नाहीत. साचलेले दूधच स्तनास आवर घालते. काही दिवसांत फरक दिसतो. दिसताच ही पद्धत थांबवावी लागते, अन्यथा दूध गरजेपेक्षा खाली जाते. हा उपचार वजनावर लक्ष ठेवून व जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा.

थंड पाण्याच्या घड्या ठेवल्याने सूज व ठणका कमी होतो. कोबीची पाने बांधण्याची रीत पाश्चात्त्य देशांतून आली. तिच्यामुळे आराम पडतो, मात्र तो पानांमुळे की थंडाव्यामुळे हे स्पष्ट नाही. दक्षिण भारतात दूध आटविण्यासाठी मोगऱ्याची फुले स्तनांवर बांधण्याची प्रथा आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात या फुलांची ब्रोमोक्रिप्टीन या औषधाशी तुलना केली असता दोहोंमुळेही दूध व रक्तातील प्रोलॅक्टिन घटल्याचे आढळले. प्रोलॅक्टिन मात्र औषधाने अधिक उतरले. ब्रोमोक्रिप्टीन पुढे गंभीर दुष्परिणामांमुळे मागे पडले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत दूध आटविण्यासाठी त्याचा वापर बंद झाला. आज अत्यावश्यकच असेल तेव्हा कॅबरगोलीन देतात, पण रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीस ते वर्ज्य आहे. सर्दीवरील स्यूडोएफेड्रिनाच्या ६० मिग्रॅ.च्या एकाच मात्रेने चोवीस तासांतील दूध सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये दाखविण्यात आले. ज्या मातेस दूध बेताचेच आहे, तिने सर्दीची गोळी विचारूनच घेतलेली बरी. इस्ट्रोजेनयुक्त संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध कमी होते. अंगावर पाजणाऱ्या मातेने पहिले सहा महिने त्या घेऊ नयेत, असाच सर्वसाधारण दंडक आहे.

उपद्रव : दूध तुंबून स्तनाचा एक भाग लाल, कठीण व वेदनायुक्त होतो, पुढे थंडी वाजून ताप येतो. यास स्तनशोथ म्हणतात. जनावरांतील याच प्रकारच्या विकारास गावाकडे ‘दगडी’ हे नाव आहे. जोराने चोळून गाठ मोडण्याची पद्धत हानिकारक आहे. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या आंतरराष्ट्रीय वैद्यकसंस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलून खोल मर्दन, वारंवार शेक आणि ‘रिकामा होईपर्यंत काढणे’ हे तिन्ही टाळण्यास सांगितले. थंड शेक, वेदनाशामक औषध आणि मुलाच्या भुकेप्रमाणे पाजणे यांवर भर दिला. एका दिवसात उतार न पडल्यास प्रतिजैव औषधे लागतात. पाजणे थांबवू नये; दाह झालेल्या स्तनातील दूध मुलास बाधत नाही. पाजणे एकाएकी तोडल्यानेच पू होऊन विद्रधी बनण्याचा संभव वाढतो. विद्रधीतील पू आता बहुधा सुईने काढून घेतात. पाजत नसलेल्या स्त्रीस दोन्ही स्तनांतून दूध येऊ लागल्यास, किंवा एकाच स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आल्यास तो पाझर न समजता विनाविलंब तपासणी करून घ्यावी.

कामकरी माता : बाळंतीण माहेरी सव्वा महिना विश्रांती घेते, त्या काळात पाझर ही केवळ कपडे बदलण्यापुरती अडचण असते. प्रश्न उभा राहतो तो मूल व माता यांची दिवसभर ताटातूट होऊ लागली म्हणजे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तो एका विशिष्ट स्वरूपात आढळतो. भूम, परंडा, वाशी व कळंब या बालाघाटच्या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पतिपत्नींची जोडी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या श्रमातून फेडायची असते व खाडा पडल्यास पैसे कापले जातात. त्यामुळे ओली बाळंतीणही टोळीबरोबर जाते. तान्हे मूल कोपीवर थोरल्या बहिणीच्या हवाली असते किंवा फडाच्या कडेला झोळीत. थोडे मोठे झाले, तर गावी आजीजवळ ठेवले जाते.

अशा मातेचे दूध वाजवीपेक्षा अधिक नसते. ते वेळेवर प्यायले जात नाही, एवढेच. पहाटे फडात उतरलेल्या स्त्रीस दुपारपर्यंत सहा-सात तास पाजता आले नाही, की छाती गच्च होते, पोलके भिजते, त्यावर पाचटाची धूळ व घाम बसतो. अतिस्तन्यतेवरील ‘दूध काढू नये’ हा सल्ला येथे नेमका चुकीचा ठरतो. येथे दर तीन-चार तासांनी थोडे दूध काढलेच पाहिजे. न काढल्यास प्रथम गाठ, नंतर ताप आणि मग काही आठवड्यांत दूधच आटणे असा क्रम घडतो. ज्या मुलास आईच्या दुधाखेरीज दुसरा धड आहार मिळणार नाही, त्याच्या बाबतीत हे आटणे कुपोषणाचा आरंभ ठरू शकते. हाताने दूध काढण्याची रीत सोपी आहे : अंगठा व बोटे स्तनाग्राच्या मागे तीन-चार सेंमी.वर समोरासमोर ठेवून प्रथम छातीकडे दाबावे, मग एकमेकांकडे दाबून सोडावे. बोटे त्वचेवर घासू नयेत. हात धुण्याची सोय असल्यास झाकणाच्या स्टीलच्या स्वच्छ भांड्यात हे दूध ठेवता येते. २५° से.पर्यंतच्या तापमानात ते चार तासांच्या आत द्यावे. फेब्रुवारीनंतरच्या उन्हात इतकाही वेळ धरू नये. स्वच्छतेची खात्री नसेल तर ते टाकून देणे बरे, पण काढणे चुकवू नये. दिवसभराची तूट मूल रात्री वारंवार पिऊन बरीचशी भरून काढते.

मातृत्वलाभाच्या कायद्यान्वये मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेस कामाच्या दिवशी पाजण्यासाठी दोन सुट्या मिळण्याची तरतूद आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस पाळणाघर बंधनकारक झाले. कचेरीत किंवा कारखान्यात नोकरी करणाऱ्या स्त्रीस याचा उपयोग होतो. मुकादमामार्फत तोंडी करारावर फडात राबणारीस हा कायदा कागदावरच राहतो, आणि साखर कारखाना तिला आपली कामगार मानीत नाही. एका सावलीच्या मांडवाची व दोन विश्रांतींची ही गरज कोणत्याही औषधाहून मोठी आहे.

गावपातळीवर या बाबतीत खरी मदत होते ती आरोग्यसेविकांची. अणदूर (ता. तुळजापूर) येथील हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले, २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या आल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा ४२ दिवसांत सहा भेटी देते. २०१८ मध्ये निती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत हा जिल्हा होता. मात्र भेटींचा हा क्रम ज्या दिवशी संपतो, साधारण त्याच सुमारास माता कामावर परतते, आणि ऊसतोडीला गेलेली माता तर आपल्या गावच्या आशेच्या यादीतूनच बाहेर पडते.

मूल दगावलेली माता : मृतजात किंवा अल्पकाळ जगलेल्या मुलाच्या आईस दूध यायचे थांबत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते भरून येतेच. प्रसूतिगृहातून ती तत्पूर्वीच घरी गेलेली असते व याची पूर्वकल्पना तिला क्वचितच कोणी दिलेली असते. स्तन घट्ट आवळून बांधण्याची जुनी रीत वेदना वाढविते. आधार देणारे बेताचे पोलके, थंड घड्या, वेदनाशामक आणि ठणका सोसवेनासा झाल्यास थोडेसे दूध काढणे, एवढ्याने ते दहा-पंधरा दिवसांत ओसरते.

जादा दुधाचे दान : पूर्वी जादा दुधाचा उपयोग जाऊ-नणंदेच्या किंवा शेजारणीच्या मुलास पाजून होत असे, आयुर्वेदात तर धात्रीच्या निवडीचे सविस्तर नियम आहेत. दुधावाटे एचआयव्हीसारखे संसर्ग पोहोचत असल्याने असे परस्पर पाजणे आता सुरक्षित मानीत नाहीत. त्याची जागा दुग्धपेढीने घेतली आहे. जगातील पहिली पेढी १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे निघाली. आशियातील पहिली पेढी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी नवजातवैद्य डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दात्री मातेची एचआयव्ही, यकृतशोथ-बी व उपदंश यांसाठी रक्ततपासणी करतात, दूध ६२.५° से.वर ३० मिनिटे तापवून, जंतुपरीक्षा करून −२०° से.वर साठवितात आणि ते अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या अर्भकांस देतात. अशा अर्भकांत आतड्याचा कोथयुक्त शोथ हा घातक विकार मानवी दुधामुळे कमी होतो. केंद्र शासनाने २०१७ मध्ये दुग्धपेढ्यांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. दान विनामूल्य असते. मानवी दूध विकणे नियमबाह्य असल्याचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. पेढीस देण्यासाठी अतिस्तन्यतेतील मातेने मुद्दाम अधिक दूध काढीत राहू नये. पाळीपाळीने पाजण्याच्या उपचारात आराम पडण्यापुरते जे निघते व पाझराने वाटीत जे जमते, तेवढेच स्वच्छ भांड्यात गोठवून द्यावे.